परप्रांतांतून आलेली मोटार

एखादा अनोळखी माणूस गांवांत आला, कीं त्याचें नांव, गांव आणि कूळ विचारण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. मोटारीला असें कोणी विचारीत नाहीं. तिचें गांव तिच्या कपाळावरच लिहिलेलें असतें. यवतमाळच्या बाजारांत एम. एच. २९ अशी पाटी असलेली गाडी दिसली, तर ती याच जिल्ह्याची, हें शाळेंतलें पोरहि सांगेल. त्याच बाजारांत टी. एस. किंवा ए. पी. अशा अक्षरांची गाडी उभी राहिली, म्हणजे ‘हे पाहुणे कोण?’ अशा नजरेनें लोक तिच्याकडे पाहतात. पाहुणा चार दिवस राहिला तर त्याचें कौतुक होतें. परंतु पाहुणी म्हणून आलेली गाडी वर्ष उलटलें तरी परत जाईना, म्हणजे सरकार तिच्या मालकाला विचारूं लागतें, ‘ही गाडी आतां नेमकी कोठली?’ या साध्या प्रश्नाचें उत्तर देतांना एका वृद्ध गृहस्थाला किती पायऱ्या चढाव्या लागतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

एक कल्पित उदाहरण घेतलें म्हणजे विषय सोपा होईल. पांढरकवड्याचे एक गृहस्थ आहेत असें समजावें. तरुणपणीं नोकरीसाठीं ते हैदराबादेस गेले आणि तेथेंच त्यांचीं पस्तीस वर्षें गेलीं. हैदराबादेंत मराठी माणसाला अगदीं परकें वाटण्याचें कारण नाहीं. विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था तेथें १९०७ सालापासून चालत आलेली आहे. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत थोडी शिल्लक मोडून व थोडें कर्ज काढून त्यांनीं एक लहानशी मोटार घेतली. पुढें निवृत्त झाल्यावर वडिलोपार्जित घराची डागडुजी केली, आणि पतिपत्नी त्याच गाडींत बसून, सुमारें साडेतीनशें किलोमीटरांचा प्रवास करून, आपल्या गांवीं परत आलीं. पत्नीला मधुमेहाचा जुना विकार आहे. दर महिन्याला तिला यवतमाळास डॉक्टरकडे न्यावें लागतें. जाण्याचें अंतर सुमारें ७० किलोमीटर. एकुलती एक मुलगी आदिलाबादेस दिलेली. तिच्याकडेहि जाणें-येणें असतें. तेव्हां या घरांत मोटार ही चैनीची वस्तु नव्हे. ती म्हातारपणची काठी आहे.

पांढरकवड्याहून दक्षिणेस निघालें, कीं पाटणबोरी मागें टाकून रस्ता पैनगंगेच्या पुलावर येतो. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. दोन्ही तीरांवर कापूस तोच, काळी माती तीच, आणि आदिलाबादेकडील पुष्कळ घरांतून बोलली जाणारी भाषाहि मराठीच. सोयरिकी नदी ओलांडून होतात. तरीहि ही सीमा आजची नव्हे. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें व १९०३ सालीं तें मध्यप्रांताला जोडलें गेलें. पलीकडच्या तीरावर निजामाचें राज्य राहिलें. त्या काळीं नदी ओलांडली कीं नाणें बदले. इकडचा कलदार रुपया जाऊन तिकडचा हाली सिक्का हातीं येई, आणि मालावर करोडगिरीच्या नाक्यावर जकात मोजावी लागे.

१९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ सालीं भाषावार राज्यरचना झाली, तेव्हां जुन्या आदिलाबाद जिल्ह्यांतील किनवट व राजुरा हे भाग मराठी मुलखाकडे आले आणि बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशांत गेला. २ जून २०१४ रोजीं तेलंगण राज्य निराळें झालें. याचा परिणाम मोटारीच्या पाटीवर कसा झाला पाहा. आदिलाबादेंत एकाच घरांत राहणाऱ्या माणसाची पहिली गाडी ए. पी. अक्षरांची, २०१४ नंतर घेतलेली दुसरी टी. एस. अक्षरांची, आणि मार्च २०२४ नंतर घेतलेली तिसरी टी. जी. अक्षरांची. माणूस जागचा हालला नाहीं, पण त्याच्या दारांत तीन तऱ्हेच्या पाट्या उभ्या राहिल्या! नाण्याची सीमा गेली, करोडगिरीची गेली. मोटारीच्या क्रमांकाची सीमा मात्र कायम राहिली.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं जातां प्रथम दिलासाच मिळतो. मोटारगाड्यांविषयीं सर्व देशाचा पहिला कायदा १९१४ सालीं झाला, दुसरा १९३९ सालीं, आणि तिसरा १९८८ सालीं; हा तिसरा १ जुलै १९८९ पासून अमलांत आहे. या कायद्याप्रमाणें गाडी चालविण्याचा परवाना एका राज्यांत काढला तरी तो सर्व भारतांत चालतो. वयाचीं ५५ वर्षें उलटल्यावर तो दर पांच वर्षांनीं नवा करून घ्यावा लागतो, एवढेंच. गाडीची नोंदणीहि, कलम ४६ अन्वयें, सर्व भारतांत ग्राह्य आहे. म्हणजे पैनगंगेचा पूल ओलांडणें हा कांहीं गुन्हा नव्हे. हैदराबादची गाडी यवतमाळांत उभी आहे एवढ्याच कारणानें तिच्या मालकाला कोणी दोषी ठरवूं शकत नाहीं.

परंतु त्याच्याच पुढचें कलम ४७ असें सांगतें, कीं एका राज्यांत नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली असेल, तर मालकानें त्या दुसऱ्या राज्यांत नव्या क्रमांकासाठीं अर्ज केला पाहिजे. माणसाला देश एक. गाडीला मात्र राज्य लागतें. माणूस कोठें राहतो यापेक्षां गाडी सामान्यतः कोठें ठेवली जाते, हें कायदा पाहतो.

या ‘ठेवणें’ शब्दावर गांवच्या ओट्यावर फार खल होतो. आपले गृहस्थ महिन्यांतून एकदां मुलीकडे जातात. शेजारी त्यांना सल्ला देतात, ‘काकाजी, गाडी दर महिन्याला नदीपलीकडे जाऊन येते ना? मग बारा महिने भरतातच कोठें? टोलनाक्याची पावती जपून ठेवा, कोणी विचारलें तर दाखवा.’ युक्ति सोपी आहे आणि पुष्कळांनीं तीवर वर्षानुवर्षें निभावूनहि नेलें असेल. पण कलमांत ‘अखंड’ असा शब्द घातलेला नाहीं. गाडी रोज रात्रीं कोणाच्या अंगणांत उभी राहते, असा प्रश्न कोणी सरळ विचारला, तर त्याचें सरळ उत्तर एकच आहे. शिवाय ज्या माणसानें पस्तीस वर्षें इमानानें नोकरी केली, त्यानें उतारवयांत प्रत्येक चौकांत पोलीस शिपाई दिसतांच खिशांतली पावती चांचपावी, हेंहि शोभत नाहीं. आपले गृहस्थ ती युक्ति नाकारतात आणि रीतसर मार्गानें जाण्याचें ठरवितात. त्यांच्या कष्टांची सुरवात या प्रामाणिक निश्चयापासूनच होते.

नियम मुळांत वाईट नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. त्याचीं तीन कारणें आहेत. पहिलें कराचें. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचींत वाहनांवरील कर राज्यांच्या यादींत, ५७ व्या नोंदींत, घातलेला आहे. जे रस्ते गाडी वापरते त्या राज्याला कर मिळावा, हें न्यायाचेंच आहे. दुसरें कारण चोरीचें. एका राज्यांतून चोरलेली गाडी दुसऱ्या राज्यांत नेऊन विकणें सोपें होऊं नये, म्हणून जुन्या कचेरीच्या दाखल्याशिवाय नवा क्रमांक मिळत नाहीं. तिसरें कारण अपघाताचें. गाडीखालीं कोणी सांपडलें, तर तिच्या मालकाचा पत्ता दप्तरांत खरा असला पाहिजे. हीं तिन्ही कारणें कोणत्याहि सुज्ञ माणसाला पटतील. अडचण हेतूंत नाहीं. ती आहे तो हेतु साधण्याच्या रीतींत. दोन सरकारांमधील सगळा व्यवहार एका म्हाताऱ्या माणसाच्या पिशवींतून व्हावा, अशी ती रीत आहे.

पहिली पायरी ना-हरकत दाखल्याची. तो कलम ४८ प्रमाणें, २८ क्रमांकाच्या नमुन्यांत अर्ज करून, जुन्या कचेरीकडून मिळवावयाचा. अर्जावर गाडीच्या सांगाड्याच्या क्रमांकाची पेन्सिलीनें घासून छाप घ्यावी लागते. दाखला देण्यापूर्वीं ती कचेरी दोन गोष्टींची खात्री करून घेते: गाडीविषयीं चोरीचा गुन्हा नोंदलेला नाहीं, आणि सरकारचें कांहीं देणें राहिलेलें नाहीं. आतां पुष्कळसा अर्ज घरबसल्या संगणकावरून करतां येतो, ही मोठीच सोय झाली आहे. पण संगणक पहिल्याच पायरीला एक गुप्त आंकडा मोबाइलवर पाठवितो, आणि तो जातो गाडी घेतांना दिलेल्या क्रमांकावर. आपल्या गृहस्थांनीं गांवीं येतांच हैदराबादचा क्रमांक बंद करून टाकलेला! सोयीचें दार उघडें आहे, पण त्याची किल्ली जुन्या घरीं राहिली.

दुसरी अडचण कर्जाची. शेवटचा हप्ता फेडला, कीं गाडी आपली झाली, असें सामान्य माणूस समजतो. परंतु नोंदणीच्या कागदावर बँकेचें नांव तसेंच असतें. बँकेनें ३५ क्रमांकाच्या नमुन्यावर सही करून दिल्यावर आणि कचेरीनें ती नोंद काढून टाकल्यावरच तें पुसलें जातें. नोंद असेपर्यंत बँकेच्या संमतीशिवाय ना-हरकत दाखला मिळत नाहीं. हप्ते फिटून दोन वर्षें झालीं तरी हें काम राहून गेलेलीं किती तरी घरें असतील. तिसरी अडचण दंडाची. शहरांतल्या कॅमेऱ्यानें कधीं काळीं टिपलेला, मालकाच्या ध्यानींमनींहि नसलेला दंड अशा वेळीं वर येतो. रक्कम लहान असते, पण ती भरल्याचा शेरा दप्तरांत उमटेपर्यंत काम खोळंबतें.

कायद्यानें येथें नागरिकाच्या बाजूनें एक चांगली तरतूद केलेली आहे. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आंत कचेरीनें दाखला दिला पाहिजे, किंवा नाकारला तर कारण कळविलें पाहिजे. तीस दिवसांत कांहींच कळविलें नाहीं, तर दाखला दिला असें गृहीत धरावें, असें कलम ४८ स्पष्ट म्हणतें. म्हणूनच अर्जाची पोंच तारखेसह घेणें आणि ती जिवापाड जपणें अगत्याचें आहे. व्यवहारांत मात्र एक पेंच उरतो. नव्या राज्यांतील कारकुनाला फायलीला लावण्यासाठीं कागद हवा असतो, आणि गृहीत धरलेल्या कागदाला टांचणी मारतां येत नाहीं. तो बिचारा म्हणतो, ‘काकाजी, तुमचें म्हणणें बरोबर आहे, पण वर साहेबांना दाखवूं काय?’ त्याचेंहि खोटें नाहीं. अशा वेळीं पोंच, कलमाचा उतारा आणि एक लेखी अर्ज मुख्य अधिकाऱ्याच्या पुढें नम्रपणें ठेवावा. तोंडीं वाद घालून कांहीं हातीं येत नाहीं.

दाखला हातीं आल्यावर दुसरा टप्पा यवतमाळचा. तेथें २७ क्रमांकाचा नमुना, विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला आणि नव्या पत्त्याचा पुरावा द्यावयाचा; गाडी प्रत्यक्ष नेऊन तपासून घ्यावयाची; कर भरावयाचा; आणि शेवटीं उच्च सुरक्षेची नवी पाटी बसवून घ्यावयाची. पत्त्याचा पुरावा ही पुन्हां एक गोम आहे. आधार कार्डावर हैदराबादचाच पत्ता राहिला असेल, तर आधीं तो बदलला पाहिजे. विमा कंपनीलाहि नवा क्रमांक लगेच कळविला पाहिजे, नाहीं तर अपघातानंतर भरपाई मागतांना गाडीचा क्रमांक एक आणि विम्यावरचा दुसरा, असा घोटाळा होतो.

खरा चटका बसतो तो कराचा. खाजगी मोटारीचा कर बहुतेक राज्यांत आतां एकदांच, गाडी घेतांना, भरून घेतात. आपल्या गृहस्थांनीं तो हैदराबादेंत भरलेला आहे. गाडी महाराष्ट्रांत आली, कीं तिचें वय व किंमत पाहून येथील कर नव्यानें भरावा लागतो. ज्या वर्षांचा कर पहिल्या राज्यानें आगाऊ घेतला पण ज्या वर्षांत गाडी तेथें राहिलीच नाहीं, त्या वर्षांची रक्कम परत मागण्याची तरतूद बहुतेक राज्यांच्या नियमांत असते. पण क्रम असा आहे, कीं आधीं नव्या राज्यांत सगळा कर भरावयाचा, त्याची पावती आणि नवी नोंदणी घ्यावयाची, आणि मग तीं जोडून जुन्या कचेरीकडे परताव्याचा अर्ज करावयाचा. नोकरींतल्या माणसाला ही रक्कम चार महिने अडकली तरी चालतें. निवृत्तिवेतनावर दिवस काढणाऱ्याच्या घरांत तीच रक्कम औषधाची असते. परतावा मिळविण्यासाठीं साडेतीनशें किलोमीटरांच्या दोन खेपा पडल्या, कीं त्यांतला बराच भाग वाटेंतच खर्च होतो. म्हणून पुष्कळ लोक परतावा मागतच नाहींत.

ही अडचण आपल्याच देशांत आहे असें मात्र समजूं नये. रस्त्यावरील वाहतुकीविषयीं जिनीव्हा येथें १९४९ सालीं राष्ट्रांराष्ट्रांमध्यें करार झाला. त्या करारांतहि, परदेशी गाडी किंवा चालक सलग एक वर्षाहून अधिक काळ देशांत राहिल्यास त्याला सवलत देण्याचें बंधन राष्ट्रावर नाहीं, असें म्हटलेलें आहे. म्हणजे पाहुणचाराची मर्यादा एक वर्ष, ही कल्पना सर्वत्र मान्य आहे. अमेरिकेंतले पुष्कळ वृद्ध लोक निवृत्त झाल्यावर मेक्सिकोंत जाऊन राहतात आणि येतांना आपली मोटार घेऊन येतात. तात्पुरत्या रहिवासाचा परवाना असेपर्यंत ती परदेशी पाटीची गाडी त्यांना ठेवतां येते. परंतु कायमचा रहिवास मिळाला, कीं तीच गाडी देशाबाहेर न्यावी लागते किंवा जकात भरून तेथली करून घ्यावी लागते. माणसाचा पाय देशांत घट्ट रोवला, कीं गाडीचा पाय उखडतो!

परदेशांत आयुष्य घालवून महाराष्ट्रांत परत येणाऱ्या मराठी कुटुंबांनाहि हा अनुभव येतो. वापरलेली गाडी भारतांत आणावयाची, तर ती तीन वर्षांहून जुनी असतां कामा नये, आणि तिचें सुकाणूं उजव्या बाजूला असलें पाहिजे. अमेरिकेंतल्या गाडीचें सुकाणूं डावीकडे. तेव्हां तेथून येणाऱ्याचा प्रश्न तेथेंच मिटला. इंग्लंडांतून येणाऱ्याचें सुकाणूं उजवीकडे असतें, परंतु भारी जकातीचा आंकडा ऐकल्यावर तोहि गाडी तिकडेच विकून येतो. शिवाय गाडी पंधरा वर्षांची झाल्यावर नोंदणी नवी करावी लागते, त्या वेळीं आयात गाडीला निराळी फी असते. १ एप्रिल २०२२ रोजीं नवे दर लागू झाले, तेव्हां देशी मोटारीची ही फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली आणि आयात मोटारीची ४०,००० रुपये ठरली. समुद्रापलीकडून येणारा माणूस अशा रीतीनें गाडीचा मोह आधींच सोडतो. नदीपलीकडून येणारा मात्र, आपण तर आपल्याच देशांत आहों, अशा भरवशावर गाडी घेऊन येतो आणि मग अडकतो.

सरकारला या अडचणीची जाणीव नाहीं असेंहि नाहीं. बदलीच्या नोकरीमुळें राज्याराज्यांतून फिरणाऱ्यांसाठीं केंद्र सरकारनें २६ ऑगस्ट २०२१ रोजीं एक नवी क्रमांकमाला जाहीर केली, आणि १५ सप्टेंबर २०२१ पासून ती सुरू झाली. बी. एच., म्हणजे भारत, हीं तिचीं अक्षरें. या पाटीची गाडी कोणत्याहि राज्यांत नेली तरी क्रमांक बदलावा लागत नाहीं. करहि एकदम पंधरा वर्षांचा न घेतां दोन-दोन वर्षांचा घेतात. दहा लाखांपर्यंतच्या गाडीला शेंकडा ८, वीस लाखांपर्यंत १० आणि त्यापुढें १२, असा त्याच्या आकारणीचा पाया आहे. रचना उत्तम आहे, आणि एका राज्यानें आगाऊ घेतलेल्या कराचा घोळच तींत उरत नाहीं.

परंतु ही सोय मिळते कोणाला? संरक्षण दलांतील लोकांना, केंद्र व राज्य सरकारांच्या आणि सरकारी उद्योगांच्या नोकरांना, आणि ज्यांच्या कचेऱ्या चार किंवा अधिक राज्यांत आहेत अशा खाजगी कंपन्यांच्या नोकरांना. सरकारी नोकरानें आपलें ओळखपत्र दाखवावें; खाजगी नोकरानें मालकाकडून ६० क्रमांकाच्या नमुन्यांत दाखला आणावा. म्हणजे माणूस राज्य बदलतो तो नोकरीमुळेंच, अशी या योजनेची समजूत आहे. पण माणसाच्या आयुष्यांत एक बदली अशी असते, कीं तिचा हुकूम कोणतीहि कचेरी काढीत नाहीं. ती म्हणजे निवृत्तीनंतर गांवीं परतणें. त्या बदलीच्या वेळीं ओळखपत्र परत केलेलें असतें, दाखला देणारा मालक राहिलेला नसतो, आणि अंगांत धांवपळीची शक्तीहि उरलेली नसते. ज्याला सोयीची गरज सर्वांत अधिक, तोच नेमका सोयीच्या दाराबाहेर राहतो.

यांतली सर्वांत नाजूक गोष्ट अजून सांगावयाची आहे. गाडी बहुधा पतीच्या नांवावर असते. नोंदणी बदलण्याचें काम ‘पुढच्या महिन्यांत करूं’ असें म्हणत राहून गेलें, आणि मध्येंच तो गृहस्थ निवर्तला, तर काय होतें? नियमांप्रमाणें मृत्यूची खबर ३० दिवसांच्या आंत कचेरीला द्यावी लागते. वारसाला तीन महिनेपर्यंत गाडी तशीच वापरतां येते. आणि तेवढ्या मुदतींत ३१ क्रमांकाच्या नमुन्यांत अर्ज करून ती आपल्या नांवावर करून घ्यावी लागते. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, मुलांचीं संमतिपत्रें आणि त्यावर दुसऱ्या राज्याचा ना-हरकत दाखला, असा सगळा भार त्या दुःखांत बुडालेल्या स्त्रीवर पडतो. तिनें आजवर या कागदांना हातहि लावलेला नसतो. मग ती बाई काय करते? गाडी अंगणांत ताडपत्री घालून ठेवते. पावसाळे जातात, टायर बसतात, विमा संपतो, आणि अखेर भंगारवाला येईल त्या भावांत ती घेऊन जातो. यवतमाळच्या डॉक्टरकडे जावयाचें, तर त्या माऊलीला पुन्हां एस. टी.च्या थांब्यावर उभें राहावें लागतें. २०२१ सालापासून नोंदणीच्या कागदावर वारस म्हणून एक नांव आधींच लिहून ठेवतां येतें. हें काम आजच करून ठेवण्यासारखें आहे. तें अशुभ नव्हे; मागें राहणाऱ्या माणसाची ती काळजी आहे.

ज्या घरांतून कोणी असे परप्रांतांतून परतणार असतील, त्यांच्यासाठीं थोडी व्यवहाराची गोष्ट. निघण्यापूर्वींच, जुन्या शहरांत असतांना, चार कामें उरकावीं: बँकेचें नांव कागदावरून काढून घ्यावें, राहिलेले दंड भरावे, वारसाचें नांव घालावें, आणि ना-हरकत दाखल्याचा अर्ज करावा. जुना मोबाइल क्रमांक नवी पाटी लागेपर्यंत बंद करूं नये. कर भरल्याच्या मूळ पावत्या सांभाळाव्या, कारण त्यांच्याशिवाय परतावा मिळणें कठीण. गाडी बारा-तेरा वर्षांची झाली असेल, तर हा सगळा खटाटोप करण्याऐवजीं ती तेथेंच विकून गांवीं दुसरी घेणें शहाणपणाचें ठरतें. पंधरा वर्षांची मुदत पहिल्या नोंदणीपासूनच मोजली जाते, पाटी बदलली म्हणून गाडी तरुण होत नाहीं. आणि बारा महिन्यांची मुदत म्हणजे बारा महिने स्वस्थ बसण्याची परवानगी, असें समजूं नये. पहिल्या तीन महिन्यांत, घर लावण्याचा उत्साह असतो तेव्हांच, हेंहि काम हातावेगळें करावें.

सरकारपुढेंहि दोन मागण्या नम्रपणें ठेवण्यासारख्या आहेत. बी. एच. क्रमांकाचें दार निवृत्त माणसांसाठीं एकदां तरी उघडावें. निवृत्तिवेतनाचें पुस्तक हा त्यासाठीं पुरेसा दाखला मानावा. आणि दोन राज्यांमधील कराचा हिशेब त्या राज्यांनीं आपसांत मिटवावा. सर्व राज्यांचीं नोंदणीचीं दप्तरें आतां संगणकावर आलेलीं आहेत. एका कचेरीला दुसऱ्या कचेरीचें दप्तर दिसतें, तर मालकाला कागद घेऊन दोन्हींच्या मध्यें का फिरवावें? पूर्वीं नदीवर करोडगिरीचा नाका होता, तेव्हां निदान जकात एकदां दिली कीं काम संपत असे.

आपल्या कल्पित गृहस्थांचें काम अखेर झालें असें धरूं या. गाडीला एम. एच. २९ ची नवी पाटी लागली. पत्नीनें पाटीला कुंकू लावलें, आणि दोघें मुलीकडे जाण्यास निघालीं. पैनगंगेचा पूल ओलांडून गाडी आदिलाबादेंत शिरली, तशी चौकांतल्या शिपायानें पाटीकडे पाहिलें आणि हात वर केला. गृहस्थांनीं कांच खालीं घेतली. शिपायानें कागद पाहिले, परत दिले, आणि मराठींतच विचारलें, ‘पांढरकवड्याचे काय काका? किती दिवस मुक्काम?’ या वेळीं उत्तर देतांना त्यांना खिशांतली पावती चांचपावी लागली नाहीं. ते म्हणाले, ‘उद्यां संध्याकाळीं परत जाऊं, बाबा. घर तिकडे आहे.’